कांदा चाळीचा ताप फोनवर बघताना



चाळीतल्या सेन्सरचा फोटो इथे टाकल्यापासून बऱ्याच जणांचे फोन आले. हे काय आहे, खर्च किती आला आणि यानं कांदा सडायचा थांबतो का, असे तीन प्रश्न सगळ्यांचे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. नाही, सेन्सरनं कांदा सडायचा थांबत नाही. कुठं सडायला लागलाय ते काही दिवस आधी कळतं, एवढंच. पण त्या काही दिवसांची किंमत गेल्या पावसाळ्यात आमच्या घराला चांगली कळली.

माझी शेती दिंडोरी तालुक्यात. थोडी द्राक्षं, त्यातली एक एकर वाइनची, बाकी रब्बीला उन्हाळ कांदा. चाळ २५ टनांची, दोन पाखी, चार कप्प्यांची. तळ जमिनीपासून दोन फूट उंच, खालून हवा खेळती, वर कौलं. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे, वर गुंडाळता येतात असे. यात वेगळं काही नाही, आपल्याकडे गावोगाव अशाच चाळी आहेत.

सेन्सरची कल्पना मला वाइनच्या तळघरात सुचली. माझा सिराझचा माल एका वायनरीला करारानं जातो. एकदा माल खाली करून झाल्यावर तिथल्या माणसानं तळघर दाखवलं. आत शिरल्याबरोबर अंगावर गारवा. तापमान १३ अंश, आर्द्रता ६५ ते ७०. हवा जास्त कोरडी झाली तर बाटलीचं बूच सुकतं आणि आत हवा शिरून वाइन खराब होते, म्हणून बाटल्या आडव्या ठेवतात. जास्त दमट झालं तर लेबलांना बुरशी येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापमान सारखं वर-खाली व्हायला नको. तो माणूस राहतो नाशिकला. रात्री घरी जेवताना फोनवर बघतो, तळघरात किती अंश आहे. मर्यादेच्या बाहेर गेलं की फोन वाजतो.

मी तिथं उभा राहून आपल्या चाळीचा विचार करत होतो. कांद्यालाही चाळीत आर्द्रता ६५ ते ७० च लागते. तापमान मात्र २५ ते ३० अंश. त्याच्या खाली १० ते २० अंशांत कांदा ठेवला तर कोंब जोरात येतात. आर्द्रता ६० च्या खाली गेली तर वजन घटतं, ७५ च्या वर राहिली तर काजळी, मुळ्या फुटणं आणि सड. गरज दोघांची सारखीच. फरक एवढाच की वायनरीवाला बटण दाबून तळघर गार करतो. आपल्या हातात फक्त पडदा आहे, कधी वर करायचा आणि कधी खाली सोडायचा. म्हणून मला वाटलं, पडद्याची वेळ जरी बरोबर कळली तरी पुष्कळ झालं.

आतापर्यंत ही वेळ आमच्या अण्णांचं नाक ठरवायचं. अण्णा म्हणजे वडील, वय ८० च्या पुढं. सकाळी चाळीला एक फेरी मारायचे आणि सांगायचे, "दुसऱ्या कप्प्यात मागच्या अंगाला बघ, वास येतोय." तिथं हात घातला की ओला कांदा सापडायचाच. पण करोनात त्यांचा वास गेला तो काही नीट परत आला नाही. आता त्यांना चहाचा वास येत नाही तिथं सडक्या कांद्याचा कुठून येणार. ते मात्र रोजची फेरी मारतात. फेरी मारून आले की काही बोलत नाहीत.

गेल्या साली उन्हाळ कांदा चाळीत भरला आणि घरचीच्या आजाराचं निदान झालं. ऑपरेशन झालं, मग पंचवीस शेक सांगितले. शनिवार-रविवार सोडून रोज एक, म्हणजे पाच आठवडे. तेही जुलै-ऑगस्टात, ऐन पावसात. रोजचं जाणं-येणं तिला झेपणार नव्हतं म्हणून नाशिकला दवाखान्याजवळ खोली घेतली. मी तिच्याजवळ. घरी अण्णा, भावजय आणि पुतण्या. पुतण्याचं कॉलेज, तो संध्याकाळी घरी. चाळीत २०५ क्विंटल कांदा, आणि दवाखान्याचा उरलेला खर्च त्याच कांद्यातून निघायचा होता. बाजूला दुसरा पैसा नव्हता.

पुतण्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही नाशिकला बसून चाळ बघाल अशी सोय करून देतो." आठ दिवसांत त्यानं पाच जागी सेन्सर बसवले. चार कप्प्यांत चार आणि पाचवा बाहेर, चाळीच्या वळचणीला, जिथं ऊनही लागत नाही आणि पाऊसही.

आता तांत्रिक भाग, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी.

सेन्सर डीएचटी२२ घेतला. डीएचटी११ स्वस्त मिळतो, पण त्याची आर्द्रता पाच टक्के इकडं-तिकडं होते, तापमान दोन अंश. आपल्याला ७० आणि ७५ मधला फरक बघायचाय, तिथं तो काय कामाचा? डीएचटी२२ दोन टक्के आणि अर्ध्या अंशापर्यंत धरून असतो. प्रत्येक सेन्सरला एक ईएसपी-८२६६ नावाचा छोटा वायफायचा बोर्ड. घरातला एक जुना फोन चाळीत हॉटस्पॉट लावून ठेवला. दर १५ मिनिटांनी आकडा इंटरनेटवर जातो आणि माझ्या फोनवर त्याचा आलेख दिसतो. काही बिघडलं तर टेलिग्रामवर मेसेज येतो. लाइटचा भरवसा नाही म्हणून सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, तिला एक छोटी सोलर प्लेट. एका जागेचा खर्च हजाराच्या आत आला, बॅटरी आणि प्लेट वेगळी.

सेन्सर लावायची जागा फार महत्त्वाची. भिंतीला किंवा खांबाला लावला तर तो चाळीची हवा दाखवतो, कांद्याची नाही. सड सुरू होते ढिगाच्या पोटात. म्हणून पुतण्यानं दीड इंची पीव्हीसी पाइपाला सगळीकडून भोकं पाडली, टोकाला सेन्सर बसवला आणि तो पाइप ढिगात मधोमध घातला, तळापासून दीड-दोन फुटांवर. भोकांवर बारीक जाळी, म्हणजे माती आणि टरफल आत जात नाही.

लावण्याआधी पाचही सेन्सर मिठाच्या कसोटीवर घासून घेतले. ही कसोटी मला फार आवडली, कारण तिला काहीच लागत नाही. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यावर थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं. पाणी वर तरंगायला नको. ते झाकण आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात ठेवायचे, एकमेकांना न लागता. आठ-दहा तासांनी डब्यातली आर्द्रता ७५ टक्के होते. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानात ती ७५ च राहते, हा मिठाचा धर्म आहे. सेन्सर ७९ दाखवत असेल तर तो चार जास्त सांगतोय, तेवढे वजा धरायचे. आमच्या पाचांतले तीन बरोबर निघाले, एक तीन टक्के वर होता आणि एक तब्बल सात टक्के. सातवाला परत देऊन दुसरा आणला. दमट जागेत राहून सेन्सर हळूहळू सरकतो, म्हणून दर हंगामात ही कसोटी परत घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. आकडा एकटा काही सांगत नाही, जोडीनं सांगतो.

जुलैत बाहेरची आर्द्रता बहुतेक वेळ जास्तच असते. आर्द्रतेवर गजर लावला तर फोन दिवसरात्र वाजत राहील आणि दोन दिवसांत माणूस तो बंद करून टाकील. म्हणून आम्ही गजर लावला ढिगाच्या तापमानावर, तोही दुसऱ्याच्या तुलनेत. एखादा कप्पा बाकीच्या तिघांपेक्षा दोन अंशांनी गरम झाला, किंवा सलग तीन दिवस चढत राहिला, की मेसेज. कांदा चाळीत जिवंतच असतो, श्वास घेतो, थोडी ऊब सोडतो. सड लागली की ती ऊब वाढते. माणसाला ताप यावा तसंच.

दुसरी जोडी आतल्या आणि बाहेरच्या हवेची. आपण काय करतो? बाहेर हवा ओली वाटली की पडदा खाली. पण बाहेर ९५ टक्के आणि आत ७५ टक्के, म्हणजे बाहेर पाणी जास्त, असं नसतं. गरम हवेत पाणी जास्त मावतं, गार हवेत कमी मावतं. खरं बघायचं ते दवबिंदू, म्हणजे ती हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातून पाणी सुटेल. त्याचा सोपा हिशोब असा. १०० मधून आर्द्रता वजा करा. राहील त्याला ५ नं भागा. येईल ते तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० च्या वर असेल तर हा हिशोब शेताच्या कामापुरता बरोबर येतो.

उदाहरण घ्या. रात्री चाळीत २८ अंश आणि ७५ टक्के. १०० उणे ७५ म्हणजे २५, भागिले ५ म्हणजे ५, दवबिंदू २३. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के. हिशोबानं दवबिंदू २१. म्हणजे बाहेरच्या हवेत पाणी कमी आहे! तीच हवा चाळीत येऊन २८ अंशांपर्यंत गरम झाली की तिची आर्द्रता ६६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाऊस थांबलेल्या रात्री पडदा वर करून खालून हवा सोडली तर कांदा सुकतो, ओला होत नाही. पाऊस चालू असेल आणि वाऱ्यानं झड आत येत असेल तर अर्थातच नाही.

आता उलटं उदाहरण. आठ दिवस झड लागली, कांदा गार पडून २३ अंशांवर आला. नवव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. आपल्याला आनंद होतो आणि आपण सगळे पडदे वर करतो. बाहेर २९ अंश, ७५ टक्के, दवबिंदू २४. कांदा २३ वर. म्हणजे गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा कांद्याला घाम येणार. अशा वेळी दुपारनंतर हवा कोरडी होईपर्यंत थांबलेलं बरं. अण्णा पूर्वी म्हणायचे, "झड उघडली की लगेच चाळ उघडू नये, कांदा घामेजतो." त्यामागचं कारण मला हा हिशोब मांडल्यावर कळलं.

नाशिकहून मी रोज सकाळी आणि रात्री असा दोनदा हिशोब करायचो आणि भावजयीला फोन करायचो, "पश्चिमेचे पडदे वर करा, पूर्वेचे राहू द्या." घरचीचा शेकाला नंबर लागेपर्यंत बाकावर बसून हेच काम. शेजारी बसलेल्या एका पाव्हण्यांना वाटलं मी सट्टा खेळतोय.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मेसेज आला. पहिला कप्पा २६ अंश, दुसरा २६, चौथा २७ आणि तिसरा ३०. आधीचे तीन दिवस बघितले तर तिसरा रोज अर्धा-पाऊण अंश चढत होता. आर्द्रताही तिथं ८६.

अण्णांना फोन लावला. त्यांनी जाऊन ढिगात कोपरापर्यंत हात घातला. म्हणाले, "वरून कोरडा ठणठणीत आहे रे. टरफल वाजतंय."

मी तासाभराच्या अंतरावर होतो, पण घरचीला त्या दिवसांत फार थकवा होता, घास गिळवत नव्हता. तिला एकटं सोडून निघता येत नव्हतं. आणि भर पावसात ५० क्विंटलचा कप्पा फोडायचा म्हणजे सहा-सात मजूर, ठेवायला कोरडी जागा, दोन दिवसांची मोडतोड. चांगला कांदा विनाकारण हलवला तर त्याचं टरफल जातं, तो पुढं टिकत नाही. नुसत्या एका आकड्यावर हे करायचं का?

पुतण्यानं आधी सेन्सरचीच परीक्षा घेतली. संध्याकाळी दुसऱ्या कप्प्यातला सेन्सर तिसऱ्यात घातला आणि तिसऱ्यातला दुसऱ्यात. सकाळपर्यंत सेन्सर बदलून आकडा बदलला नाही. तिसरा कप्पा ३० च, दुसरा २६ च. म्हणजे दोष सेन्सरात नव्हता.

परत अण्णांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वास येत नाही. तुला तिथून दिसत नाही. मग ज्याला कळतंय त्याचं ऐकू. फोडा कप्पा."

कप्पा फोडला. वरचा तीन फूट कांदा सोन्यासारखा. त्याच्या खाली, मागच्या खांबाजवळ, बैलगाडीच्या चाकाएवढ्या जागेत कांदा पाणी सोडत होता. वर एक कौल सरकलं होतं आणि पाणी खांबावरून ओघळून थेट पोटात जात होतं. वरून बघणाऱ्याला कळायचा काही मार्ग नव्हता. सडका माल पाच क्विंटलच्या आसपास निघाला. कौल नीट केलं. चांगला कांदा शेडमध्ये पातळ पसरून, उफणणीचा पंखा लावून दोन दिवस सुकवला, निवडला आणि लगेच पिंपळगावच्या मार्केटला पाठवला. ओल्या शेजारचा कांदा परत चाळीत घालायचा नाही हे अण्णांचं म्हणणं, ते पाळलं. भाव फार नव्हता, पण शेकाचा उरलेला खर्च त्यातून भागला. कोणापुढं हात पसरायची वेळ आली नाही.

बाकीचे तीन कप्पे ऑक्टोबरपर्यंत ठेवले. भरताना २०५ क्विंटल वजन होतं. विकला गेला १६३. सडून टाकला एकूण १७. राहिलेले २५ क्विंटल म्हणजे वाळून गेलेलं वजन. शेकडा २० घट. त्याआधीच्या दोन वर्षांत आमची घट शेकडा ३० ते ३५ होती. पण हा सगळा फरक सेन्सरचा आहे असं मी म्हणणार नाही. दर साली पाऊस वेगळा, कांदा वेगळा. कृषीवाले मित्र इथे वाचतात, त्यांना हे सांगायला नको. एका चाळीचा एका वर्षाचा हिशोब म्हणूनच बघा.

आणि एक गोष्ट नव्या पोरांसाठी. शेतात बिघडलेला कांदा सेन्सर दुरुस्त करत नाही. शेवटच्या टप्प्यात युरिया मारलेला, काढणीपर्यंत पाणी दिलेला, जाड मानेचा कांदा कितीही यंत्रं लावली तरी जाणारच. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. इंचभर मान ठेवून कापा, मग सावलीत दहा-बारा दिवस. जोड, चिंगळी, डेंगळ्याचा कांदा निवडून बाजूला काढा. ढीग चार फूट रुंद आणि पाच फुटांपेक्षा उंच नको. एवढं केलेलं असेल तरच सेन्सर लावण्यात अर्थ आहे.

अजून एक. घरी पडदा वर-खाली करणारं माणूस नसेल तर नाशिकहून काय, अमेरिकेतून चाळ बघितली तरी उपयोग नाही. आमची भावजय भर पावसात दिवसातून दोनदा चाळीवर गेली म्हणून माझ्या हिशोबाला किंमत आली. फोन माझ्या हातात होता, पण काम तिनं केलं.

घरची आता बरी आहे. तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. अण्णा अजून सकाळची फेरी मारतात, पण आता आल्यावर गप्प बसत नाहीत. ओट्यावर टेकले की विचारतात, "तिसरा किती?" मी आकडा सांगतो. मग ते दुसरा किती ते विचारतात, मग चौथा आणि शेवटी बाहेरचा. एकटा आकडा ऐकून ते उठत नाहीत.

यंदा चाळ भरताना प्रत्येक कप्प्यात दोन सेन्सर लावणार आहे, एक पोटात आणि एक मागच्या खांबाजवळ. कौलं मेमध्येच चाळून घेतो. कोणाला बघायचं असेल तर चाळीवर या, चहा घेऊ. सेन्सर विकत घेतलात तर ढिगात घालायच्या आधी एक रात्र मिठाच्या डब्यात ठेवा. मीठ आणि डबा दोन्ही घरात असतातच.